फोमचा नाकतोडा

ट्राऊट हा मासा मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत फक्त इंग्रजी कादंबऱ्यांत पाहिला होता. तिथे तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात येतो, त्याच्या मागोमाग एखादा निवृत्त कर्नल येतो, आणि आपण दोघांनाही ओलांडून नायिकेकडे वळतो. तोच मासा एका सकाळी मला चौदा वेळा तोंड दाखवील, त्यातून तेरा वेळा निसटून जाईल, आणि त्या तेरा वेळांचा हिशेब एक सतरा वर्षांची मुलगी वहीत मांडून ठेवील, असे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावले असते.

पण घडले खरे तसेच. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, गेली सव्वीस वर्षे अमेरिकेत आहे. पेशाने इंजिनियर. त्यातली शेवटची चौदा वर्षे तो मोंटाना राज्यात बोझमन या गावी राहतो. २०२४ सालच्या ऑगस्टात त्याने मला तिकीट पाठवले आणि सोबत एकच ओळ लिहिली : 'तीन आठवड्यांसाठी ये.' ऐन ऑगस्टात, वर्ग नुकते रांगेला लागलेले असताना, मराठीच्या प्राध्यापकाने तीन आठवड्यांची रजा मागावी हे आमच्या प्राचार्यांना रुचले नाही. मी अर्जात 'कौटुंबिक कारण' लिहिले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. बहुधा वाटणीचे काही असेल असे त्यांना वाटले असावे.

वाटणीचे नव्हते, पण हिशेबाचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत आमची आई गेली. ती माझ्याकडे पुण्यात असे. जानेवारीत तिचे दुखणे बळावले तेव्हाच मी दादाला फोन करून सांगितले होते, 'लवकर ये.' तो आला तो आई जाऊन चौथ्या दिवशी. थोरला मुलगा असताना अग्नी धाकट्याने दिला. दहावा-तेरावा झाला, दादा परत गेला, आणि आम्हां दोघांत त्या गोष्टीचा शब्द निघाला नाही. पुढे फोनवर मात्र मी तो काढला. एकदा नव्हे, तीनदा. तो सांगू लागला, 'आई मला म्हणाली होती की—' आणि मी म्हटले, 'आई काय म्हणत होती ते मला सांगू नकोस. तिच्या उशाशी मी बसलो होतो.' हे वाक्य मला त्या वेळी फार चांगले साधले असे वाटले होते. विमानात बसताना अशी आणखी पाच-सात वाक्ये मी तयार ठेवली होती.

पण बोझमनला पोचलो तर दादाने विषय काढला तो माशांचा. "उद्या मॅडिसनवर जाऊ," तो म्हणाला. मॅडिसन ही नदी. १८०५ साली लुईस आणि क्लार्क हे दोघे शोधक त्या मुलखात आले, तेव्हा मिसुरी नदी जिथे तीन नद्यांच्या संगमातून सुरू होते तिथे त्यांनी एकीला राष्ट्राध्यक्ष जेफर्सनचे नाव दिले आणि उरलेल्या दोघींना त्याच्या दोन मंत्र्यांची, मॅडिसन आणि गॅलाटिन यांची. आपल्याकडे नद्या देवींच्या नावाच्या. इथे सगळे मंत्रिमंडळच वाहते आहे! मॅडिसन यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात जन्मते. पुढे तिच्या वाटेत एक तळे लागते. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री तिथे मोठा भूकंप झाला, आख्खा डोंगर कोसळून नदीत पडला, अठ्ठावीस माणसे गेली आणि नदी अडून हे तळे झाले. त्या तळ्याखालून एनिस नावाच्या छोट्या गावापर्यंत नदी कुठे थबकत नाही. तिथले लोक तिला पन्नास मैलांचा खळखळाट म्हणतात. दोन्ही बाजूंना गवताची कुरणे, मागे डोंगर, आणि आभाळ आपल्याकडच्यापेक्षा निदान दीडपट.

चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी दादा लहानपणी बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ घेऊन बसे, आणि मी त्याच्यामागे डबा घेऊन. बुचाचा तरंग बुडाला की काठी उपसायची, हे आमचे सारे शास्त्र. म्हणून मी निर्धास्त होतो. पण इथे वहिनींनी बांधून दिलेल्या पोळ्या-भाजीच्या डब्याशेजारी दुसरी एक डबी होती. ती पुतणीने उघडली. आत रंगीत किडेच किडे! पिवळे, तांबूस, हिरवट, रबराचे पाय हलवणारे.

"हे नाकतोडे," ती म्हणाली. "फोमचे. मी बांधले."

माझी पुतणी तिथेच वाढलेली. तिचे मराठी तिने दर रविवारी फोनवर आजीकडून ऐकून घेतलेले; त्यामुळे लिंगांचा घोटाळा फार, पण शब्द अस्सल चिपळूणचे. तिने मला समजावले ते असे. ऑगस्टात कुरणांत नाकतोड्यांचा सुकाळ होतो. ऊन चढले, वारा सुटला की ते उडतात आणि नदीत पडतात. काठाजवळच्या सावलीत ट्राऊट टपून असतात. त्यांना फसवायला गळाभोवती नाकतोडा बांधायचा आणि तो पाण्यावर तरंगत सोडायचा. पूर्वी हे किडे पिसांचे आणि हरणाच्या केसांचे करीत. चार मासे लागले की ते भिजून बुडू लागत. फोममध्ये हवेचे बारीक, बंद कप्पे असतात. पाणी आत शिरत नाही, म्हणून तो दिवसभर तरंगतो. जवळच्या युटा राज्यात ग्रीन नदीवर अशाच एका फोमच्या किड्याला १९८६ च्या अपघातावरून 'चेर्नोबिल अँट' असे नाव पडले आहे. तो पाहिला की नाव का पडले ते विचारावे लागत नाही.

मी छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली, मोंटानाचा परवाना खिशात घातला (त्याची किंमत रुपयांत करू नये), आणि पाण्यात उतरलो. पाणी इतके गार की पायांची बोटे आहेत की नाहीत याची खात्री वाटेना. दादा खालच्या वळणावर गेला. पुतणी वही-पेन्सिल घेऊन काठावर बसली.

दहा वाजता पहिला मासा आला. काय सांगू! पाण्याच्या काचेखालून एक सोनेरी सावली हळूच वर आली, नाक बाहेर काढले, जबडा उघडला. मी झटका मारला. नाकतोडा माझ्या कानावरून सणसणत मागच्या झुडपात गेला. दुसरा मासा आला, तेच. तिसऱ्याने नुसतेच पाणी उडवले. बारा वाजेपर्यंत असे चौदा. त्यातला एक वीतभर ट्राऊट लागला, तोही मी चुळबुळत जागा बदलताना, माझे लक्ष नसताना.

पोळी खाताना पुतणीने वही पुढे केली. तीत चार रकाने होते : नाकारले पाच, घाई सात, दोरी ढिली एक, लागला एक.

"म्हणजे सारे मला सुटले नाहीत तर?" मी आशेने विचारले.

"नाही काका. पाच जणांनी तुम्हाला नाकारलं. ते तोंडात घेतलेच नाहीत."

एकदा परीक्षेत आलेल्या मार्कांकडे पाहावे तसे मी त्या वहीकडे पाहिले. पंचवीस वर्षे मी मुलांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्या. पण या मुलीने केले ते मी कधी केले नव्हते : तिने माझ्या चुकांच्या जाती वेगळ्या केल्या होत्या. 'मासा सुटला' हे एकच वाक्य. पण त्याच्यामागे तीन वेगवेगळी कारणे, आणि प्रत्येकाचे औषध वेगळे.

नाकारण्याचे औषध असे. मासा खाली नुसता भोवरा करून वळला, किंवा किड्याला नाकाने ढकलून गेला, तर झटका मारून उपयोग नाही. त्याला काहीतरी संशय आला आहे. बहुधा दोरी प्रवाहात ताणली जाऊन किडा पाण्यावर ओढला जातो. खरा नाकतोडा काही पाण्यावर नांगर ओढत जात नाही. मग दोरीचे वेटोळे उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवायचे, म्हणजे किडा मोकळा वाहतो. तरीही नाकारला तर एक माप लहान किडा लावायचा. फोमचा मोठा, जाड किडा फार उंच तरंगतो. लहान मासा तोंड मिटू गेला की त्याच्या तोंडापुढच्या पाण्यानेच तो किडा पुढे ढकलला जातो.

दुसरे औषध किड्याच्या बांधणीत. ही गोष्ट तिने मला रात्री घरी दाखवली. टेबलाला छोटा चिमटा बसवलेला, त्यात गळ धरलेला. माझ्या हातातला सकाळचा किडा तिने शेजारी ठेवला. त्यात फोमचे दोन जाड थर दोऱ्याने आवळून गळाच्या दांड्याखाली आले होते. गळाचे टोक आणि दांडा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते ती जवळजवळ भरून गेली होती. "मासा चावला तरी टोक कुठून लागणार?" ती म्हणाली. "ही माझी चूक. हा मी नववीत बांधला होता." मग तिने रुंद बाकाचा गळ घेतला, दांड्यावर आधी दोऱ्याचे वेढे दिले, गोंदाचा थेंब लावला, दोन मिलिमीटरच्या फोमची एकच पट्टी वरच्या अंगाला बांधली. खाली गळ मोकळा. गोंद एवढ्यासाठी, की फोम मासे चावून चावून दांड्याभोवती फिरतो. पाठ खाली, पोट वर होते आणि टोक झाकले जाते. शेवटी तिने गळाचे टोक माझ्या अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवले. ते घसरले नाही, तिथेच अडकले. "घसरलं तर बोथट. मग घासायचं किंवा फेकायचं." टोकामागचा उलटा काटा तिने पक्कडीने दाबून सपाट केला. बिनकाट्याचा गळ सहज शिरतो, आणि मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही.

हो, मासा सोडायचाच! चिपळूणच्या माणसाला हे पाप वाटते. पहिला मासा ओल्या हातांनी धरून तिने परत पाण्यात सोडला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आईचा तवा आला होता. पण तिथला इतिहास ऐकला आणि गप्प बसलो. मॅडिसनमधले ब्राऊन ट्राऊट मूळचे तिथले नव्हेतच. १८८३ साली जर्मनीतून त्या जातीची अंडी न्यूयॉर्कला आली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. रेनबो ट्राऊट पॅसिफिकच्या बाजूचे. वर्षानुवर्षे सरकार हौदांत वाढवलेले मासे नद्यांत सोडीत असे. मग याच मॅडिसनवर मत्स्यखात्याच्या एका शास्त्रज्ञाने मोजदाद केली. निघाले उलटेच : हौदातले मासे सोडणे थांबवले की नदीत जन्मलेले मासे वाढतात. १९७४ पासून मोंटानाने आपल्या नद्यांत ट्राऊट सोडणे बंद केले. तेव्हा आज जो मासा तुमच्या किड्याकडे येतो तो नदीतच जन्मलेला, नदीतच शिकलेला असतो. त्याच्यापुढे माझी एम. ए. ची पदवी फारशी कामाची नव्हती.

"जर्मनीहून आलेले म्हणजे परप्रांतीयच की," मी दादाला म्हटले.

"चौदा वर्षांनी कोणी विचारत नाही," दादा म्हणाला आणि डब्याचे झाकण लावू लागला. मीही पुढे बोललो नाही.

राहिली घाई. चौदातले सात मासे माझ्या घाईने गेले होते. याचे कारण असे की तरंगणाऱ्या किड्याच्या शिकारीत सगळे डोळ्यांसमोर घडते. वाशिष्ठीत मासा खोल पाण्यात गांडूळ गिळायचा आणि मग बुच बुडायचे. आपल्याला कळे तेव्हा काम झालेले असे. इथे मासा अजून येतोच आहे तोवर आपण त्याला पाहतो. तो तोंड उघडतो, किड्यासकट पाणी आत घेतो, तोंड मिटतो, पाणी कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि खाली वळतो. गळ लागतो तो या वळण्यात, जबड्याच्या कोपऱ्यात. आपण मात्र उघडे तोंड पाहूनच झटका मारतो आणि उघड्या तोंडातून किडा बाहेर काढतो. त्यातही किडा वाहत आपल्या खालच्या अंगाला गेलेला असेल तर आणखी कठीण. मासा प्रवाहाकडे, म्हणजे आपल्याकडेच तोंड करून असतो. ओढला की किडा सरळ त्याच्या तोंडातून आपल्या हातात! मासा वरच्या अंगाला असेल तर त्याची पाठ आपल्याकडे. तिथे ओढ मागे कोपऱ्यात बसते, आणि थोडी घाई चालते.

"पण किती थांबायचं?" मी विचारले. "फार थांबलं तर?"

"तर थुंकतो. फोम आहे हे त्याला कळतं."

"मग मोजायचं कसं?"

ती विचारात पडली. न्यूझीलंडमधले जुने लोक म्हणे मोठा ब्राऊन ट्राऊट आला की ब्रिटिश राष्ट्रगीताचे चार शब्दांचे नाव मनात उच्चारतात आणि मग काठी उचलतात. २०२२ साली राणी जाऊन राजा आला, तरी त्या शब्दांची लांबी तेवढीच राहिली, ही माशांच्या दृष्टीने बरी गोष्ट झाली. पण माझ्या तोंडी ते बसेना.

"आजी म्हणायची ना, तसं म्हणा," पुतणी एकदम म्हणाली. "सावकाश!"

मी चपापलो. शब्द तर शब्द, पण सूरही आईचा. शाळेला निघताना, जिना उतरताना, परीक्षेला जाताना, घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर आई हा शब्द टाकीत असे. सा-व-का-श. दोन, एक, दोन, एक, सहा मात्रा. काठाच्या संथ पाण्यातल्या मोठ्या ब्राऊनला हे माप बरोबर बसले. खळाळातला लहान रेनबो चपळ. त्याला सहा मात्रा फार. त्याच्यासाठी आम्ही 'थांब' ठरवले, तीन मात्रांचे. छंदःशास्त्राचा असा उपयोग मी आजवर कुठल्याच वर्गात सांगितला नव्हता.

"सावकाश म्हणजे काय माहीत आहे? स-अवकाश. अवकाशासह," मी माझ्यातल्या मास्तराला आवरू शकलो नाही.

"अवकाश म्हणजे ते चांद्रयानवालं?"

"तेच. पण इथे थोडंसं पुरतं."

दुसऱ्या दिवशी बारापैकी तीन लागले. तिसऱ्या दिवशी दहापैकी चार. काठी झटकायची नसते, उचलायची असते, आणि त्याच वेळी डाव्या हाताने दोरी खाली ओढायची असते, हेही हाताला कळू लागले. नाहीतर पाण्यावरची ढिली दोरी तेवढी सरळ होते आणि गळ जागचा हलत नाही. चौथ्या दिवशी अकरापैकी सहा! पुतणीने वहीत सहाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. मला विद्यापीठाने सुवर्णपदक दिले नाही त्याची खंत त्या दिवशी गेली.

दादाच्या घरी एक नियम आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी होतो. वीस अंशांच्या पुढे ट्राऊटला श्वासच जड जातो, आणि गळाशी झुंजलेला मासा सोडला तरी मरू शकतो. फार उन्हाळा झाला तर मोंटाना सरकारच दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत नदीनदीवर बंदी घालते. बंदी असो वा नसो, दादा दोन वाजता काठी उतरवतो. पाचव्या दिवशीही उतरवली. पुतणी वर गवतात खरे नाकतोडे पकडायला गेली. त्यांचा रंग जुळवायचा होता. आम्ही दोघे दगडावर बसलो. दादाने पाण्यात दोरीला बांधलेला तापमापक वर काढला, पाहिला, परत सोडला.

"जानेवारीत तुझा फोन आला ना," तो म्हणाला, "त्याच रात्री मी आईशी बोललो. येतो म्हटलं. ती म्हणाली, सावकाश ये."

माझे वाक्य तयार होते. विमानात केलेल्या सात वाक्यांपैकी ते पहिलेच होते : 'सावकाश म्हणाली म्हणून तू खरंच सावकाश आलास?' ते जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. दादाचे तोंड अजून उघडे होते.

मी थांबलो. सहा मात्रा झाल्या, बारा झाल्या. दादा पाण्याकडे पाहत होता.

"मी म्हटलं, परवाचं तिकीट मिळतंय. तर म्हणाली, 'असा धावत आलास म्हणजे मला कळेल, आता संपलं. बाळ जवळ आहे, मला रोजच्यासारखं वाटतंय, तसंच वाटू दे. तू मे महिन्यात ये, आंब्याला. मला वाट बघायला काहीतरी राहू दे.'"

मी काही बोललो नाही. बोलता आलेच नसते.

"दोनदा तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. तिसऱ्यांदा काढलं ते तुझा फेब्रुवारीतला फोन आल्यावर."

"मला का नाही सांगितलंस?" बऱ्याच वेळाने मी विचारले.

"तिनं सांगू नकोस म्हटलं होतं. ती होती तोवर नाही सांगितलं. मग तीनदा सुरुवात केली, बाळ्या. तू दुसऱ्या वाक्यापर्यंत येऊ कुठे दिलंस?"

खरे होते. 'आई मला म्हणाली होती की—' या अर्ध्या वाक्यावर मी तीन वेळा झटका मारला होता, आणि तिन्ही वेळा माझ्या हाती माझेच वाक्य परत आले होते. तेच मी आजवर मोठ्या अभिमानाने जपून ठेवले होते.

त्या क्षणी माझा सगळा राग विरघळला असे लिहिले तर ते गोष्टीला शोभेल. पण तसे झाले नाही. दादाने यायला हवे होते, असे मला त्या दगडावरही वाटत होते आणि आजही थोडे वाटते. आईच्या बोलण्याला मान द्यायचा की तिच्या डोळ्यांदेखत येऊन उभे राहायचे, यातले बरोबर काय ते मला ठरवता येत नाही. पण तो का आला नाही हे मला माहीत नव्हते, आणि माहीत नसताना मी सहा महिने निकाल देऊन बसलो होतो. मे महिन्यात आंबे उतरले तेव्हा ती असती तर काय म्हणाली असती, याचा विचार आम्ही दोघेही त्या दुपारी करीत होतो असे मला वाटते. पुतणी टोपीत चार नाकतोडे घेऊन खाली आली तोवर आम्ही तसेच बसून होतो. आम्हांला पाहून ती काही न बोलता डबा आवरू लागली. तिला ही जाण कोणी शिकवली कोण जाणे.

शेवटच्या दिवशी एक मोठा ब्राऊन मला लागला. विलोच्या झुडपाखाली, संथ पाण्यात. तो किड्याखाली हातभर अंतर तसाच वाहत आला, पाहत राहिला, आणि मग तोंड उघडले. मी सावकाश म्हटले, मोठ्याने म्हटले असे दादा सांगतो. तो वळला, मी काठी उचलली, आणि पलीकडे जिवंत वजन लागले. जबड्याच्या कोपऱ्यात गळ होता, बरोबर जिथे असायला हवा तिथे. पुतणीने तो एका बोटाने काढला. मासा तिच्या ओल्या हातांत, प्रवाहाकडे तोंड करून, थोडा वेळ श्वास घेत राहिला. त्याला हाकलायचे नसते; तो आपला आपण जातो. गेला.

येताना पुतणीने तो फोमचा नाकतोडा मला दिला. गळाचे टोक तोडून दिला, विमानतळावर घोटाळा नको म्हणून. आता तो माझ्या टेबलावर, पेल्यातल्या पेनांमध्ये खोचलेला असतो. वर्गातही मला त्याची आठवण होते. परवा एक मुलगा उत्तर देता देता अडला. पूर्वी मी त्याचे वाक्य पुरे करून टाकले असते. या वेळी थांबलो. त्याने वाक्य पुरे केले. उत्तर साफ चुकीचे होते. पण ते चुकीचे का, हे पंचवीस वर्षांत प्रथमच मला नीट कळले.

रविवारी सकाळी, आई ज्या वेळेला फोन करीत असे त्याच वेळेला, आता मी दादाला फोन करतो. तिकडे शनिवारची रात्र असते. दादा मूळचाच अबोल. तो एक वाक्य बोलतो, मग नदीकाठी बसावे तसा गप्प बसतो. मीही बसतो. आमच्या सौभाग्यवतीला याची अजून सवय झालेली नाही. मी कानाला फोन लावून मुकाट्याने बसलेला दिसलो की ती स्वयंपाकघरातून विचारते, "काय हो, लागत नाही का?"

"लागलाय," मी म्हणतो.